जुन्यावर नवं डांबर

शिडाच्या होडीचं लाकडी डेक मास्तर स्वतःच दुरुस्त करत होते. सुतार मेहुण्याला हात लावू दिला, तर तो उद्या होडीवर हक्क सांगेल, ही त्यांना धास्ती. फळ्यांमधल्या चिरांतलं जुनं डांबर न काढताच त्यांनी वरून नवं भरलं.

मेहुण्याने न विचारता डेकवर पाण्याची बादली ओतली. खाली केबिनमध्ये टपटप सुरू झाली.

"दाजी, मढ्याला पावडर लावलीत. द्या ती पटाशी इकडे."

"तुला देण्यापेक्षा होडी बुडवीन!"

मास्तर गुडघे टेकून पटाशीच्या धारेने पहिल्या चिरेपासून डांबर उकरायला लागले. मेहुणा काही हलेना.

"खोल घाला," तो खेकसला. "तळाला काळं राहिलंय."

मास्तरांनी पटाशी खोल घातली, पण वर पाहिलं नाही.