बिननावाचा डबा

आधी एक कबूल करा, हसायचं नाही. म्हणजे हसा, पण खाली मान घालून हसा, माझ्या तोंडावर नको. मी हा घोळ सांगायला बसले की आमचे हे उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातात. तहानबिहान काही लागलेली नसते त्यांना, हसू दाबायचं असतं.

तर मी शुभा. सुकापूरला आमची सोसायटी आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. आता ब्लाउज शिवणारीला काय काय कळतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? कुणाचं वजन वाढलं, कुणाची सून रुसली, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं आधी माझ्या टेपला कळतं आणि मग बिल्डिंगला.

अशा मला एक व्यसन लागलं. गुपचूप भेटी देण्याचं.

सुरुवात अगदी साधी होती. भावाने गावाहून अळूची पानं पाठवली, भाराभर. एवढ्या वड्या कोण खाणार? समोर एक नवं जोडपं राहायला आलं होतं. ओळख नव्हती, म्हणून संकोच वाटून मी एक जुडी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवली, बेल दाबली आणि पळत घरात आले. दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. ती मुलगी बाहेर आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जुडी उचलली, आणि समोर चिटपाखरू नसताना छानपैकी हसली.

काय सांगू, एवढा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. हे मी ह्यांच्यासमोरच बोलून गेले, ते सोडा.

मग काय, सुटलेच मी. वॉचमनच्या खुर्चीवर एक दिवस उशी आली. जिना झाडणाऱ्या मावशींच्या बादलीत मोगऱ्याचा गजरा आला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या दाराशी वाचायच्या चष्म्यासाठी मऊ कापडाचं घर आलं. त्या आजोबांनी ते घर अख्ख्या बिल्डिंगला दाखवलं. मलाही दाखवलं आणि वर म्हणाले, बघ, शिलाई अशी हवी. मी मान डोलावली, पण आतून नुसती नाचत होते.

आणि खरी मजा कशात आहे माहितीये? आभार नसतात त्यात. नाहीतर आपण काही दिलं की 'अहो कशाला' आलं, त्यावर आपलं 'अहो त्यात काय' आलं, मग चहा आला, मग परतफेड आली. इथे ती भानगडच नाही. द्यायचं, पळायचं आणि दिवसभर मशीनवर गुणगुणायचं.

आता या गोष्टीतली दोन माणसं तुम्हाला सांगते. तळमजल्यावर घरतकाकू. मूळच्या करंजाड्याच्या, आगरी, मोठ्या आवाजाच्या आणि त्याहून मोठ्या मनाच्या. आणि दुसऱ्या मजल्यावर नलिनीताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, पाण्याचा तांब्यासुद्धा मोजूनमापून ठेवणाऱ्या. या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. काकूंची नात सायली दहावी झाली ती नलिनीताईंच्या घरच्या टेबलावर बसून.

आणि मग एका उन्हाळ्यात गच्चीवर काकूंची सुकट वाळत होती आणि तिच्या शेजारी नलिनीताईंचे उडदाचे पापड. वारा फिरला. पापडांना लागला सुकटीचा वास. नलिनीताई रागाच्या भरात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या वासाने माझे पापड फुकट गेले." काकूंना ते फार लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सुकटीचा म्हण नलू, माझा कशाला म्हणतेस?" आणि तेव्हापासून जे बोलणं बंद झालं ते तीनेक वर्षं बंदच.

आता सायलीचं लग्न ठरलं. हळद दारातच, बिल्डिंगच्या आवारात. आगऱ्यांची हळद म्हणजे काय असते तुम्हाला ठाऊक आहे, लग्न एकवेळ लहान होईल, हळद नाही. अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण गेलं, एक नलिनीताई सोडून. पोरगी रडत होती, बाई नाहीत तर मला हळद लावूच नका म्हणत होती. काकू ऐकायला तयार नाहीत आणि नलिनीताई जिना उतरताना काकूंच्या दाराकडे बघायलाही तयार नाहीत. दोघींचे ब्लाउज माझ्याकडे, त्यामुळे दोघींची दुखणी माझ्याकडे.

मी त्यात पडले नव्हते हो. देवाशपथ. मला फक्त काकूंचे गुडघे दिसत होते. लग्नाची धावपळ, थंडीचे दिवस आणि बाई जिन्याच्या कठड्याला धरून चालतेय. म्हटलं, डिंकाचे लाडू करून द्यावेत. पनवेलच्या बाजारातून डिंक आणला, खारीक आणली आणि हात सैल सोडून तूप घातलं. लाडू असे देखणे झाले की मीच दोनदा झाकण उघडून बघितले.

आता द्यायचे कशात? मी शिवलेली पिशवी चालणार नाही, कारण माझी प्रत्येक पिशवी कुणाच्या ना कुणाच्या ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची असते, बायका लांबूनही ओळखतात. मग मी डोकं लढवलं. स्टीलचा डबा. स्टीलचा डबा कुणाच्या बापाला ओळखू येतो? सगळे सारखे. फडताळातून एक मध्यम डबा काढला, लाडू भरले आणि भर दुपारी, सगळी बिल्डिंग घोरत असताना, चपला हातात घेऊन तळमजल्यावर गेले. डबा उंबऱ्याशी ठेवला, बेल दाबली आणि जिना अशी चढले की त्या वेगाने मी कधी भिशीलाही गेलेली नाही.

संध्याकाळी काकू ब्लाउज घालून बघायला आल्या. चेहरा उजळलेला. मी मनात म्हटलं, लागले बरं का लाडू.

"शुभा, तुला म्हाईत हाय का, आज माझ्या दारात कोणी काय ठेवलंय?"

मी आपलं टाचण्या तोंडात धरून साळसूदपणे मान हलवली, नाही बाई.

"नलूनं लाडू ठेवलेत. डिंकाचे."

टाचण्या गिळायच्या राहिल्या फक्त. मी म्हटलं, कशावरून? काकूंनी बरोबर आणलेला रिकामा डबा माझ्यासमोर उपडा केला. त्याच्या बुडावर, घासून घासून पुसट झालेलं, पण स्वच्छ वाचता येणारं नाव: सौ. नलिनी वि. भोसेकर.

आता सांगा, कुठे तोंड लपवू? आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानदार आधी विचारतो, नाव काय घालू? वाटीपासून पिंपापर्यंत नाव घालून घेणारी आपण माणसं. आणि मी शहाणी बिननावाची भेट द्यायला स्टीलचा डबा निवडते. कधीतरी त्यातून नलिनीताईंकडून काही आलं असेल, मी ते चाटूनपुसून खाल्लं असेल आणि डबा घासून माझ्या फडताळात ठेवून दिला असेल. आपला कोणता आणि आलेला कोणता, हे कुठल्या बाईला सांगता येतं?

मी तोंड उघडलं होतं, काकू, ते लाडू माझे, असं सांगायला. पण काकूंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, नलू मानी हाय, तोंडानं कधी बोलायची नाय, म्हणून लाडू ठेवून गेली. मी आता तिचा डबा रिकामा कसा धाडू?

मी तोंड मिटलं. त्या क्षणी माझ्या लाडवांचं श्रेय गेलं, ते गेलंच.

वर काकू म्हणतात काय, डब्यात सुकटीची चटणी भरते, झक्कास झालीय. मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं काकू, दुसरं काहीही भरा, पण सुकट नको. शेवटी ओल्या नारळाच्या करंज्यांवर तडजोड झाली. त्यांनी त्या केल्या, लिफ्टने वर गेल्या, नलिनीताईंच्या दाराशी डबा ठेवला, बेल दाबली आणि लिफ्टने खाली आल्या. बोलल्या नाहीत. मानी काय एकट्या नलिनीताईच आहेत?

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीताई स्वतः होऊन तळमजल्यावर उतरल्या. काकूंनी दार उघडलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. काकू म्हणाल्या, चहा टाकते, आणि नलिनीताई आत जाऊन बसल्या. सायलीने बाईंच्या गळ्यात पडून हळदीचं आमंत्रण दिलं. हे सगळं मला सायलीनेच येऊन सांगितलं आणि खोटं कशाला बोलू, मी मशीनवर डोकं टेकून रडले. इतकं बरं वाटलं.

दुपारी नलिनीताई माझ्याकडे आल्या, हळदीसाठी पिवळा ब्लाउज शिवायला. हातात तोच डबा. म्हणाल्या, "इतकी वर्षं माझा डबा काकूंकडे होता. करंज्या भरून परत केला त्यांनी, करंजीची मुरड बघूनच ओळखलं मी. माफीच मागितली म्हण ना." मग जरा घुटमळल्या. "शुभा, तुझीही माफी मागते. मला वाटायचं डबा तूच ढापलास. मनात फार बोलले गं तुला."

मी म्हटलं, असू दे हो ताई, वाटतं कधीकधी माणसाला.

म्हणजे बघा, काकूंना वाटतंय आधी नलू नमली. नलिनीताईंना वाटतंय आधी काकू नमल्या. आणि यातलं काहीच खरं नाही हे आमच्या ह्यांच्याशिवाय जगात एकट्या मला माहीत. या दोघी कधीतरी बोलायला बसणार, लाडवांचा विषय निघणार आणि समेट तिथल्या तिथे मोडणार. तोही सायलीच्या हळदीच्या तोंडावर.

त्यात माझा जळफळाट वेगळाच. बिल्डिंगभर नलिनीताईंच्या माघारी त्यांचं कौतुक चाललेलं, केवढं मोठं मन, आपण होऊन लाडू केले. मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. हे म्हणाले, तुला नाव नकोच होतं ना, मग झालं की. असा नवरा कुणाला देऊ नये देवाने.

हळदीच्या दिवशी मी दोघींच्या मधे बसले. काकू नलिनीताईंकडे वाकल्या की मी मधे वाकायची. नलिनीताई काही बोलू लागल्या की मी पाणी आणू का विचारायची. तीनदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, तुला बरं नाही का? पण खरा वाचवला मला डीजेने. त्या आवाजात स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता, तिथे लाडू कुठले?

आणि नेमका जेवणासाठी डीजे बंद झाला. काकूंनी नलिनीताईंचा हात हातात घेतला.

"नलू, तू लाडू दिलेस ना, म्हणून आजचा दिस दिसला बघ."

"कुठले लाडू?" नलिनीताई म्हणाल्या. "तुम्हीच नाही का आधी माझा डबा परत केलात?"

काकूंनी हात सोडला. "म्हणजे तू नाय आलीस माझ्या दारात?"

हळदीने माखलेली सायली पाटावरून आमच्याकडे बघत होती. पोरीचा चेहरा रडवेला झाला. मी डोळे मिटून घेतले आणि सांगून टाकलं. लाडू माझे, डबा माझ्याकडे होता, दोघींपैकी कुणीच आधी आलं नाही. आता मला काय बोलायचं ते बोला, पण एकमेकींशी बोलणं सोडू नका.

काकू माझ्याकडे वळल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ओठ बोटाने वर करून दाखवला. वरचा एक दात गायब. "तुझ्या लाडवानं पडला. दातांच्या डॉक्टरनं विचारलं तर सांगितलं, मटनाचं हाड चावले. घरात पन कोणाला बोलले नाय. म्हटलं, नलूनं एवढ्या दिसांनी मायेनं दिलंय, एका दाताला काय करायचंय. आनि ते दगड तुझे होते?"

नलिनीताईंनी आधी काकूंच्या तोंडात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आणि मी हिची माफी मागितली," त्या म्हणाल्या, आणि जे हसू फुटलं त्यांना, की काकूंच्या खांद्यावर कोसळल्या. काकूही सुटल्या. दोघींनी मिळून मला धरलं आणि हळदीने न्हाऊ घातलं, कान, केस, नवा ब्लाउज, काही सोडलं नाही. सायली पाटावर टाळ्या पिटत होती. त्या दोघी आजही रोज चार वाजता एकत्र चहा घेतात आणि बोलायला विषय नसला की माझा काढतात.

काकूंच्या घरी आता कुणीही पाहुणे आले की लग्नाचा अल्बम निघतो. हळदीच्या प्रत्येक फोटोत काकू आणि नलिनीताई गळ्यात गळा घालून हसतायत आणि काकूंच्या तोंडातली ती खिडकी लख्ख दिसते. पाहुणे विचारतात, हे हो काय झालं? काकू माझं नाव, मजला आणि फ्लॅट नंबर सांगून म्हणतात, ही तिची भेट.