पैला दाणा सुताराचा

"खरं नाव टाकू नको गं. ज्याला म्हाईत न्हाय, त्यो काय म्हणंल, ते टाक."

हे वाक्य आप्पांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! टोपी मांडीवर, हात काउंटरवर, नजर स्क्रीनवर. माऊसला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "हत्यार ज्याचं त्यानं धरावं."

मी निपाणीत एका ऑनलाईन सेंटरवर काम करते. जमिनीचा उतारा, आधार, परीक्षेचे फॉर्म, सगळं. माझं टायपिंग लई फास्ट आहे, हे मी स्वतः सांगत नाही, गिऱ्हाईकं सांगतात. फक्त आप्पांना त्याचं काही कौतुक नव्हतं. "थांब की जरा. तुझी बोटं बैलाच्या म्होरं पळत्यात."

आप्पा जवळच्या एका खेड्यातले सुतार. पहिल्यांदा आले ते म्हातारपणाच्या पेन्शनसाठी. मशीनवर अंगठा ठेवला, मशीन म्हणालं अंगठाच नाही. पुसून ठेवला, तरी नाही. पन्नास-साठ वर्षं रंधा मारून अंगठ्याच्या रेघाच गेलेल्या!

"काय म्हणतंय?"

"मॅच होईना म्हणतंय, आप्पा."

"इल्ल? मग इल्ल." कन्नडमध्ये 'नाही' म्हणायचे आणि निवांत हसायचे. आमच्याकडं सरकारी काम अडलं की माणूस आपोआप कन्नडवर जातो, तुम्हालाही माहीत असेल.

तर अंगठा परत परत ठेवायचा म्हणून आप्पा बसून राहिले. मी मधल्या वेळेत बहिणीच्या प्रोजेक्टसाठी जुन्या दागिन्यांचे फोटो शोधत होते. एक साईट आहे, देशोदेशीच्या म्युझियममधल्या वस्तूंची यादी. नाव टाकलं की फोटो, माहिती, कुठं ठेवलंय, कुणी केलंय, सगळं येतं. आप्पा बघत होते. मग हळूच म्हणाले, "ह्यात चाडं घावंल व्हय गं?"

मला चाडं माहीत नव्हतं! शेतकऱ्याच्या घरात जन्मून! पण मी ट्रॅक्टरच्या जमान्यातली. आप्पांनी समजावलं. पेरणीची कुरी असते ना, बैलांमागं चालणारी, तिच्यावरचा लाकडी वाडगा म्हणजे चाडं. बाई मागनं चालत त्यात मुठीनं बी सोडते. वाडग्याच्या तळाला चार भोकं, तिथनं चार नळ्या, बी सरळ चार ओळीत मातीत.

आप्पांच्या वडलांनी गावच्या सगळ्या कुऱ्या केलेल्या. पण पहिलं केलेलं चाडं घरी ठेवलेलं, शिसवीचं. त्याच्या तळात, चार भोकांच्या मधोमध, हरभऱ्याएवढा जोंधळ्याचा दाणा कोरलेला. प्रत्येक चाड्यात ते असा दाणा कोरायचे. मोकळ्या चाड्यावर मूठ धरू नये, आत एक दाणा आधीच पाहिजे. "पैला दाणा सुताराचा, मग कुणब्याचा. आमच्या बापाशिवाय दुसरं कोण कोरत न्हवतं."

"मग ते चाडं गेलं कुठं?"

आप्पांनी टोपी फिरवली. "मीच घालवलं."

त्यांचं नुकतं लग्न झालेलं. जीप घेऊन एकजण आला, जुन्या लाकडी वस्तू गोळा करणारा. वडील बाजाराला गेलते. आप्पांनी माळ्यावरनं चाडं काढून दिलं आणि बदल्यात नवीकोरी स्टीलची कळशी घेतली. पेरणीला वडलांनी विचारलं, चाडं कुठाय? आप्पांनी सांगितलं. "बापानं एकदाच इचारलं. परत कधी न्हाय. मारलं असतं तर बरं झालं असतं." ती कळशी अजून घरात आहे. आप्पा तिच्यातलं पाणी पीत नाहीत.

"परत मागायचं न्हाय मला," ते म्हणाले. "फकस्त घावावं. आन् ह्ये करणाऱ्याचं नाव लिवायची जागा हाय न्हवं? तिथं बापाचं नाव यावं."

झालं! मी धडाधड टाईप केलं. चाडं, चाडे, इंग्लिशमध्ये चार तऱ्हेनं. शून्य. कन्नड शब्द टाकला. शून्य. मी वैतागले. तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा ते वाक्य टाकलं, 'खरं नाव टाकू नको.' जीपवाल्याला चाडं म्हणजे काय माहीत होतं व्हय? त्यानं पुढं ज्याला दिलं त्याला तरी? मग त्यांनी काय लिहिलं असेल, ते टाक.

सांगा मला, ही अक्कल कुठल्या कॉम्प्युटर कोर्समध्ये शिकवतात?

मग दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, आप्पा यायचे. आम्ही अडाणी व्हायचो. लाकडी वाडगा. भोकांचा वाडगा. चाळण. गुऱ्हाळाचं भांडं. एकदा आप्पा म्हणाले, "टोपी टाक, लाकडाची." टाकलं! एक बाहुली आली. आप्पा तिच्याकडं बघत बसले, "बेस हाय पर," म्हणाले.

आणि एका गुरुवारी दिव्याची बैठक शोधताना आप्पा एकदम पुढं सरकले. मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, टोपी प्रिंटरवर पडली.

"उलटं हाय गं त्ये! उलटं ठिवून फोटू काडलाय!"

मी काय करावं? फोटो फिरवायचं बटण सोडून मी अख्खा मॉनिटरच उचलून उलटा धरला. वायरी लोंबतायत, आप्पा "आनी वर, आनी वर" म्हणतायत, आणि आमचे मालक अण्णा दारात.

"काय गं, सर्कस लावलीस काय?"

"अण्णा, चाडं घावलं!"

खाली लिहिलेलं: दिव्याची लाकडी बैठक, धार्मिक विधीसाठी वापर असावा, करणारा अज्ञात. मी वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "विधी म्हनल्यात ते खोटं न्हाय. पेरणी काय विधी न्हवं? पर दिवा न्हवं ह्यो."

पण उलट्या फोटोत तळ कसा दिसणार? मी म्युझियमला मेल केला: कृपया आतून फोटो पाठवा. आता मी रोज सकाळी आधी मेल बघायची. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मी फोन केला, तर गुरुवार नसताना आप्पा आले, परीटघडीचा सदरा घालून. अण्णांनीसुद्धा गिऱ्हाईक थांबवलं. मी फोटो उघडला.

चार भोकं. मध्ये काही नाही. गुळगुळीत.

आप्पा किती वेळ बघत होते. "न्हाय गं. बाप न्हवं."

माझे डोळे भरले. मी सगळं घरी सांगून ठेवलेलं, मैत्रिणींना सांगितलेलं. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "रडाय काय झालं? कुणाचा तरी बाप हाय की त्यो. भोकं बग कशी तासल्यात. डावऱ्या हाताचा माणूस हाय, सदलग्याकडचा असंल. लिव्ह त्यास्नी, ह्ये चाडं हाय म्हणून. कसं धरायचं, बी कुटनं पडतंय, सगळं लिव्ह."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. महिन्याभरात नोंद बदलली. इंग्लिश अक्षरांच्या मधोमध आपल्या लिपीत 'चाडं'! फोटोही सुलटा. आप्पांनी माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं. मी म्हटलं, करणारा अज्ञातच ठेवलाय, सदलग्याचा सुतार असं लिहायला सांगू काय? "नगं. म्हाईत न्हाय ते न्हाय म्हणावं. अंदाजानं दुसऱ्याच्या बापाचं नाव घालू नये."

स्वतःचं हरवलेलं शोधता शोधता हा माणूस दुसऱ्यांच्या वस्तूंना नावं लावत बसला. त्यानंतर आम्ही एका मोगरीची नोंद सुधारली, एका पाळण्याच्या खुंटीची सुधारली. दाण्याचं चाडं काही आलं नाही. "इल्ल? मग इल्ल. फुडल्या गुरुवारी बगू."

मागच्या मृगाच्या आधी आप्पा गेले. झोपेतच. पेन्शनचा अंगठा शेवटपर्यंत मॅच झाला नाही, मग डोळ्याच्या स्कॅनवर मंजूर झाली, ती त्यांनी जेमतेम बघितली.

त्यांचं स्टूल अण्णांनी हलवलं नाही. मी रिकाम्या वेळेत अडाणी होते. उखळ. पेला. घंटा. गेल्या गुरुवारी सहज फुलदाणी टाकलं, लाकडी. तिसऱ्या पानावर एक फोटो होता, वरनं काढलेला. आपोआप. कुणीही न सांगता.

चार भोकं. आणि मधोमध दाणा.

मी ओरडले, इतकी की उताऱ्याला आलेल्या काकू दचकल्या. अण्णा धावत आले, बघितलं, आणि स्वतःच प्रिंटर चालू केला.

फोटोची प्रिंट घेऊन संध्याकाळी आप्पांच्या घरी गेले. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या सुनेनं, पाणी दिलं, त्याच कळशीतलं. मी प्रिंट दिली. त्यांनी दाण्यावरनं बोट फिरवलं, कागदावरनंच. "मामांजी रोज सांगायचे बगा. मला वाटायचं, म्हातारं मनचं सांगतंय."

दुसऱ्या दिवशी म्युझियमला मेल लिहिला. वस्तूचं नाव चाडं. वापर पेरणीचा. तळातला दाणा कशासाठी, तेही. मग करणाऱ्याचं नाव. ते माझ्याकडं पहिल्यापासून होतंच: आप्पांच्या पेन्शनच्या फॉर्मवर, त्यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधे. फॉर्म भरताना मी ते एका सेकंदात टाईप केलेलं. या वेळी एका बोटानं टाईप केलं, एकेक अक्षर बघत.

अजून उत्तर आलेलं नाही. तोवर तुम्हाला बघायचं असेल, तर चाडं म्हणून शोधू नका, घावायचं न्हाय. फुलदाणी टाका.