नवसाबाईंच्या आईचं कुंकू

त्या वर्षी श्रावणात आमच्या पडवीतून रोज दुपारी इंग्रजांची फौज जात असे.

देवळाली कॅम्पातल्या रद्दीतून यांनी चित्रांसाठी म्हणून एक जाड पुस्तक आणलं होतं, इंग्रजी फौजेचा इतिहास. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पूजा, जेवणं आटोपली की मी शब्दकोश घेऊन बसे. मखमलाबादच्या नवसाबाई फुलं विकून परतताना आमच्याकडे टेकत आणि उरलेल्या झेंडूच्या माळा ओवत. एक दिवस म्हणाल्या, "वहिनी, एकट्याच काय वाचता? आमाला बी सांगा की."

मग मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. बाहेर ऊन-पाऊस, झेंडूचा उग्र वास, आणि लाल डगल्यांचे शिपाई बर्फातून, समुद्रावरून चाललेले. मध्येच दोघींचा डोळा लागे. जाग येई तेव्हा फौज कुठल्या देशात होती तेच आठवत नसे.

"आज कुणाशी भांडन?"

"फ्रेंचांशीच."

"अजून? बांधावरनं असंल. भाऊबंदकी काय मिटत नाय लवकर."

भाद्रपद लागला, तेव्हा पहिलं महायुद्ध आलं. मी "बसरा" म्हटलं आणि नवसाबाईंची सुई थांबली.

"माझा बाप तिथं गेलता. बहिरू. फौजेत खेचरं हाकायचा. मी पाळण्यात होते."

तो परत आला नाही, मेल्याचीही खबर नाही. आईनं मरेपर्यंत कुंकू लावलं. गेली तेव्हा हिरव्या लुगड्यात, ओटी भरून नेली. नवसाबाई एकुलत्या एक. तेव्हापासून पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, त्या आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालीत. अलीकडे ती सवाष्ण मीच होते.

मी पुस्तक मिटलं. यात त्याचं मरण निघालं, तर आईचं कुंकू, हिरवा चुडा, इतक्या वर्षांच्या नवम्या, सगळंच पुसलं जायचं.

"नको वाचायला," मी म्हटलं.

त्यांनी थांबलेली सुई झेंडूत खुपसली. मग म्हणाल्या, "वाचा. आईला वाचता येत असतं, तर तिनं वाचलंच असतं."

मी वाचलं. नदीकाठी कूत नावाचं गाव, तिथं फौज महिनोन् महिने वेढ्यात अडकली.

"कूत! हेच. एक गाववाला परत आलता, त्यो सांगायचा, बहिरूची खेचरं कूतला हायेत. नदी केवढी?"

"आपल्या गोदावरीहून मोठी."

पुढे धान्य संपलं. माणसांनी खेचरं खाल्ली. नवसाबाईंनी तोंडावर पदर धरला. "त्यानं हातानं चारलेली असतील हो."

मग शरण गेलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं. खेचरवाल्यांविषयी एकच ओळ होती: त्यांतले पुष्कळ परतले नाहीत.

नवसाबाई अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिल्या. जणू तिथूनच कुणी चाललं होतं, अगदी सावकाश, आणि पोचत नव्हतं. "गेला म्हनायचा," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलून निघून गेल्या.

नंतर त्या फिरकल्याच नाहीत. देवापुढे बसले तरी माझं मन थाऱ्यावर नसे. वाटे, आपल्या वाचण्यानं एका मेलेल्या बाईचं कपाळ उघडं पडलं.

अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी त्या दारात उभ्या. "उद्या जेवायला यायचं."

"पण नवसाबाई, आता..."

"आता काय? आई गेली तवा तिचा नवरा जिता होता. रोज त्याच्या नावानं भाकरी झाकून ठेवायची. मरनाची बातमी तिला नाय आली, मला आली. मग मीच सोसते की." जरा थांबून म्हणाल्या, "बापाचं येगळं. माझा भिकन औंदा आजेपाडवा करनार हाये."

आजेपाडवा म्हणजे घटस्थापनेची सकाळ, नातवानं आईच्या वडिलांना पाणी द्यायचा दिवस. इतकी वर्षं तो त्यांच्या घरी कधी केला नव्हता. जित्या माणसाला कोण पाणी देतं?

नवमीला मी जेवले. त्यांनी माझ्या कपाळावर नेहमीसारखंच ठसठशीत कुंकू लावलं.

पाडव्याला मीही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले. धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, त्यामुळे पाण्याला अंतच नाही असं वाटत होतं. गुरुजींनी सांगितलं तसं भिकननं तीळ घेऊन तीनदा पाणी सोडलं आणि तो उठू लागला.

नवसाबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"अजून सोड रं. तिकडं पानी नव्हतं त्याला."