दुरुस्तीचं तिकीट

जूनमध्ये दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बाल्कनीचं दार उघडलं, की चष्म्यावर वाफ धरते आणि समोरच्या खजुरी, गाड्या, मांजरं सगळं दुधात बुडून जातं. मला ते आवडतं. एसीतून बाहेर पाऊल टाकावं आणि जगाला पुसट होऊ द्यावं. त्या संध्याकाळी मी तशीच उभी होते. मागे हॉलमध्ये मुलगा आणि सूनबाई माझ्या नातीवरून भांडत होते.

मुली आवडतात, असं पंधरा वर्षांच्या नातीने आईबापांना सांगून टाकलं होतं. मुलाने मग पुण्यातला एक समुपदेशक शोधला. तो म्हणे अशा पोरांना 'नॉर्मल' करतो. दर जुलैत माझा व्हिसा संपत आला, की नात सुट्टीला माझ्याबरोबर भारतात येते. मुलाला तेव्हा रजा नसते. म्हणजे दुरुस्तीला माल पोचवायचं काम माझं.

"तिकडे डॉक्टरांना हे करायला मनाई आहे," सूनबाई म्हणाली.

"तो डॉक्टर नाहीये."

"वा! म्हणजे शिकलेल्याला बंदी आणि न शिकलेल्याला रान मोकळं?"

"ती मायनर आहे. डिसिजन आपला. उद्या कायदा म्हणेल, पोरीबद्दल कुणाशी बोलूही नका."

"बोल ना. बदलून द्या म्हणू नकोस."

मुलाचा आवाज खाली आला. "आपण इथे राहतो. शाळेत कुणाला कळलं तर? मला भीती वाटते गं."

ती भीती खोटी नव्हती.

"आय कॅन हिअर यू, बाबा," गालिच्यावरून नात म्हणाली. "अँड आय डोन्ट नीड फिक्सिंग."

मी आत आले. "मला केलं होतं दुरुस्त," म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

साताऱ्यातलं माझं ते ध्यान अजून दिसतं मला. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, आणि स्वतःला महाधूर्त समजणारं. बाकीच्या मुली नवरा मिळावा म्हणून सोमवार करायच्या. मी करायचे ते शेजारच्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न मोडावं म्हणून. शंकराला बिचाऱ्याला कळेना, ही नवरा मागतेय की घालवतेय! लग्न झालंच. मांडवात मी असा गळा काढला, की नवरीची आई माझंच सांत्वन करत बसली. पुढे मी जेवण सोडलं, तर घरच्यांनी एका महाराजांकडे नेलं. दर गुरुवारी ते विचारत, "आठवण येते का तिची?" हो म्हटलं की कडुनिंबाचा काढा. नाही म्हटलं की खडीसाखर. ठोंबी असले तरी तेवढं गणित मला जमलं. महाराजांची कीर्ती पसरली. माझे दात किडले.

नात गालिच्यावर लोळून हसली. मुलगा हसला नाही.

"पण मग माझे बाबा?" त्याने विचारलं.

"तुझे बाबा फार चांगले होते रे. त्यांनाही पुष्कळ वर्षं मी खडीसाखरेचीच उत्तरं दिली."

एसी घुमत राहिला.

"मोठं माणूस आपल्या पायाने गेलं तर त्याचं ते बघेल," मी म्हटलं. "हिला तू पाठवतोयस. ही हुशार आहे, महिन्याभरात हवी ती उत्तरं शिकून येईल आणि तू पेढे वाटशील. मी हिला नेणार नाही. नेली तर तिकडची तुझी बहीण विमानतळावरूनच तिला गाडीत घालून त्या समुपदेशकाकडे नेईल. राहू दे इथेच. खलास."

"आजी, देन यू'ल बी अलोन. होल जुलै!" नात उठून बसली.

"मग काय झालं? दुपारी झोपेन, कुणी गाणी लावणार नाही."

मुलाने फोनवर तिकिटांचं पान उघडलं. बाहेर दिवे लागले होते, काचेवरून पाणी ओघळत होतं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "एकच सीट ठेवतोय. खिडकी की आयल?"

दरवर्षी खिडकी नात बळकावते. "आयलच ठेव," मी म्हटलं.