भूत रडलं आणि गाव हसलं

निर्मलाबाई रडत नाहीत, हे ब्राह्मणपुरीत सगळ्यांना माहीत होतं. सासरे गेले तेव्हा त्या आल्यागेल्याच्या चहाचं बघत होत्या. मुलगी सासरी निघाली तेव्हा बाकीच्या बाया तिच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि या गाडीच्या डिकीत लोणच्याची बरणी दोन गोधड्यांच्या मध्ये नीट बसवत होत्या. कोणी विचारलंच तर त्यांचे पती बन्सीलाल सांगायचे, तिला वेळ नसतो.

म्हणूनच कुंदनच्या पिक्चरमध्ये त्या खऱ्याखुऱ्या रडल्या आणि ते बघून अख्खं गाव हसलं, हे त्यांना फार लागलं.

कुंदन शेजारच्या घरातला. डिप्लोमा केलेला, शहाद्यात त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. रिकाम्या वेळात तो अहिराणीत विनोदी व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकायचा. या वेळी त्याने दीड तासाचा पिक्चर काढायला घेतला. लोक घाबरले पाहिजेत आणि हसलेही पाहिजेत, असा त्याचा बेत होता. नाव ठेवलं 'मरीसन बी सयपाक'. मेल्यावरही जिचा स्वयंपाक सुटत नाही अशा सासूची ती गोष्ट. भूत व्हायला कोणी बाई तयार होईना, सगळ्यांना अपशकुन वाटायचा. निर्मलाबाईंनी एवढंच विचारलं की शूटिंग पपईची तोड आटोपल्यावर ठेवशील का. तो ठेवेन म्हणाला.

पिक्चर कोणाला कळला नाही, याला कारणं होती. सासूच्या मुलाचं काम करणारा तरुण अर्ध्यातच सुरतला नोकरीला गेला. उरलेलं काम गल्लीतल्या नवनीतने केलं. चेहरा बदलला कसा, तर भुताने बदलला, असं कुंदनने ठरवून टाकलं. भूत उतरवणारा भगत आणि फौजदार एकाच माणसाने केले होते. फौजदार भगताला पकडायला निघतो आणि दोघं एकमेकांना शेवटपर्यंत भेटत नाहीत. नवनीतचा ट्रॅक्टर आपोआप उलटा चालतो. एक बकरी हिंदीत बोलते आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. मध्येच पपईच्या शेतात गाणं आहे. त्यात भुतानेही नाचायचं होतं, पण निर्मलाबाई नाही म्हणाल्या. म्हणून सगळे नाचतात आणि भूत कडेला उभं राहून पानांवरचा रोग बघतं.

रडण्याचा प्रसंग शेवटाकडे होता. घरातले जेवायला बसलेत, मेलेली सासू चुलीपाशी कळणाच्या भाकरी थापते आहे, ती कोणाला दिसत नाही. मुलगा पहिला घास घेतो आणि म्हणतो, "मीठ कमी शे." कुंदनने सांगितलं होतं, इथे रागाने बघायचं.

कळण म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यात मीठ दळतानाच पडतं. भाकर ताटात आल्यावर त्याचं काही करता येत नाही. तरी लग्न झाल्यापासून बन्सीलाल पहिल्या घासाला हेच वाक्य म्हणत आले होते. निर्मलाबाईंनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी तोंडाला पांढरी पावडर होती, समोर दिवा होता, आणि तुम्ही मेलेल्या आहात, कोणाला दिसत नाही, असं कुंदनने दोनदा बजावलं होतं. कोणाला दिसत नाही म्हटल्यावर त्या रडल्या.

मारुतीच्या देवळासमोर पडदा लावून संध्याकाळी पिक्चर दाखवला. भूत पहिल्यांदा अंधारातून आलं तेव्हा कोणी घाबरलं नाही. ते कोणाच्या गोठ्यातून निघालं यावर चर्चा झाली. रडण्याचा प्रसंग जवळ आला तशी निर्मलाबाईंनी मान खाली घातली. आपलं रडणं आपणच बघायचं म्हणजे त्यांना कसंतरी वाटलं. त्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होत्या आणि तेवढ्यात हसण्याचा लोंढा आला. सगळ्यात मोठं हसू बायांमधून आलं. ते त्यांनी ओळखलं. ते चारुलताचं होतं, त्यांच्या सुनेचं. तिला इतकं हसू आलं की ती तोंडात पदर कोंबून उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून लोक पिक्चरचा अर्थ विचारायला निर्मलाबाईंकडे येऊ लागले, जणू मेल्यामुळे त्यांना आतलं माहीत असणार. कौसाबाईंना भगत मेला की फौजदार, ते हवं होतं. निवृत्त मास्तरांनी येऊन सांगितलं की हा अंधश्रद्धेवरचा घणाघात आहे, फक्त कुंदनच्या ते लक्षात आलेलं नाही. नवनीतकडे दोघं जण उलट्या चालणाऱ्या ट्रॅक्टरची किंमत विचारून गेले. यूट्यूबवर एकाने लिहिलं होतं, काहीच समजलं नाही, उद्या आईला दाखवतो. त्याच्याखाली आणखी एकाने लिहिलं होतं की बकरीचं काम सगळ्यात चांगलं झालंय.

निर्मलाबाई प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न विचारायच्या, मी रडले तेव्हा तुम्ही का हसलात. कौसाबाई म्हणाल्या, सगळे हसले म्हणून. मास्तर म्हणाले, ते हसू समाजावर होतं.

कुंदन दुसऱ्या भागाचं विचारायला आला. लोक मागत होते. निर्मलाबाई म्हणाल्या, विचार करून सांगते. खरं तर विचार झालेला होता. रडण्यावर हसतात अशा ठिकाणी त्या पुन्हा जाणार नव्हत्या. फक्त चारुलताला विचारायचं राहिलं होतं, आणि तिला विचारायची त्यांची तयारी नव्हती.

घरात सगळे जपून वागत होते. बन्सीलालांनी मिठाचं नाव काढणं सोडलं होतं. ते डबा ताटाजवळ ओढून गुपचूप चिमूटभर घ्यायचे.

एका संध्याकाळी सासूसून भाकरी करत होत्या. शेवटची भाकर झाली. निर्मलाबाईंनी पदर गोळा करून तवा उतरवला आणि मागे चारुलताला हसू फुटलंच.

"हासी ले," निर्मलाबाई म्हणाल्या. तवा खाली ठेवला. "आते सांग, त्या दिन कसाले हासनी?"

चारुलताचं हसू थांबलं. "तुमना रडावर नही हासनी, आई. तुम्ही रडनात तवय माले बी भरी उनं. पन पदरमा डोया पुसात नि तवा बी त्याच पदरमा धरी लिधा. भूतले चटका कसा बसी?"

निर्मलाबाईंनी यावर बराच विचार केला.

"तवा तपेल व्हता."

"पन तुम्ही मरेल व्हतात ना, आई."

"मरेल व्हती तरी तवा तपेल व्हता."

मग त्यांनी मोबाइलवर तो प्रसंग लावायला सांगितला. या वेळी मान खाली घातली नाही. पडद्यावरची बाई रडली, पदराने डोळे पुसले, मग तोच पदर चांगला दुहेरी करून, बोटं सांभाळून, तवा उतरवला. निर्मलाबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळेला त्यांच्या नाकातून थोडा आवाज आला. चारुलताने तो हसण्यात धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कुंदनला बोलावलं. ती चूक कुंदनच्याही ध्यानात आली होती. त्याने आश्वासन दिलं की दुसऱ्या भागात तवा गार ठेवू, काकूंनी तो उघड्या हाताने उचलायचा, वाफ तो कॉम्प्युटरवर घालेल. निर्मलाबाईंनी ते साफ मोडून काढलं. गार तव्यावर भाकर होत नाही आणि कच्ची भाकर त्या कोणाच्या ताटात वाढणार नाहीत, जिवंतपणीही नाही आणि मेल्यावरही नाही. लोकांना हसायचं तर हसू देत.

बन्सीलाल ओट्यावर बसून ऐकत होते. आता ते कुंदनकडे न बघता म्हणाले, "ते मिठनं वाक्य काढी टाक."

"ऱ्हाऊ दे," निर्मलाबाई म्हणाल्या. "त्या वाक्यबिगर माले रडू येवाव नही."

त्या संध्याकाळी पहिल्या घासाला बन्सीलालांनी बऱ्याच दिवसांनी मीठ कमी असल्याचं सांगितलं. निर्मलाबाईंनी डबा त्यांच्याकडे सरकवला. रडल्या मात्र नाहीत. घरातले सगळे बघत होते.