मधूने न सांगितलेला आकडा

फोन आला तेव्हा मी मधूसाठीच हिरडा निवडत बसलो होतो. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेला या उन्हाळ्याचा पहिला माल. त्यातली गच्च, एकसारखी फळं वेगळी काढून पुडीत भरत होतो. मधूची बायको, शालिनीवहिनी, एवढंच म्हणाल्या, "नामदेवभावजी, हे गेले…" खरं सांगतो, माझ्या मनात आधी हेच आलं की हा शेवटी आकडा न सांगताच गेला. काही आठवडे उलटले, तरी तेच मनात येतं.

मधू आणि मी शाळेत एका बाकावर. त्याचे वडील मास्तर, माझे दुसऱ्याची गुरं राखायचे. मी सातवीत शाळा सोडली आणि वाड्यावाड्यांवरून हिरडा गोळा करून विकू लागलो. तो मुंबईला विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र शिकायला गेला. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. लोक त्याला विचारायचे, "म्हंजी डाक्टर?" तो नाही म्हणायचा. "मग कंपौंडर?" तेही नाही. "मग रं काय?" यावर तो नुसता हसायचा. मी मात्र सुट्टीत त्याची पाठ सोडायचो नाही, कारण तो जे शिकत होता ते माझ्या पोत्यात भरलेलं होतं. एकदा त्याने सांगितलं की हिरड्यात पोट साफ करणारं द्रव्य असतं आणि पोट बांधणारंही. "एकाच फळात? मग पोटाला कसं कळतं रं, कुनाचं ऐकायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "तेच शिकायला गेलोय."

त्याच सुट्टीत त्याने मला काळं पाणी दाखवलं. लिंबाच्या रसात गंजके खिळे भिजत घातले, हिरड्याचा काढा वाटीत गाळला आणि त्यात त्या रसाचे थेंब सोडले. काढा बघता बघता शाईसारखा काळा झाला. हिरड्यातलं तुरट द्रव्य लोखंडाला भेटलं की असं होतं, म्हणाला. मी ती वाटी उन्हात धरून किती तरी वेळ पाहत होतो… पण माझं डोकं व्यापाऱ्याचं. पुढच्या बाजारापासून मी गिऱ्हाइकासमोर तोच प्रयोग करायला लागलो. रंग पाहून माणूस गप्प व्हायचा आणि गप्प झालेल्या माणसाशी भाव ठरवणं सोपं असतं.

मग मुंबईच्या एका औषध कारखान्याचा माणूस आला. सगळ्या हंगामाचा माल उचलणार होता. माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. मधू सुट्टीवर होता, म्हणून त्याला मुद्दाम शेजारी बसवला आणि ओळख करून दिली. वाटी काळी झाली. मी म्हणालो, "बघा सायेब, ही ताकद. असा रंग दुसऱ्याच्या मालाला येनार न्हाई." साहेब मधूकडे वळले. "काय हो, बरोबर आहे का?" मधू म्हणाला, "रंग येतो हे बरोबर. त्यावरून तुरट द्रव्य आहे एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही." इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याने स्वतःच्या पेल्यातला उरलेला कोरा चहा पुढे ओढला आणि त्यात तेच थेंब सोडले. चहाही काळा झाला. साहेब पोट धरून हसले. "म्हणजे आता चहाच न्यावा म्हणता." उठून शेजारच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर गेले ते परत आले नाहीत.

"तूच शिकवलंस आन् तूच बुडवलंस व्हय रं?" मी भर बाजारात ओरडलो. तो म्हणाला, "मी 'आहे का' ते शिकवलं होतं, नामा. तू त्याला 'किती' म्हणून विकत होतास." वर माझ्याच पोत्यातून मूठभर हिरडा घेतला. कॉलेजात मोजतो, तुझा माल खरंच सरस असेल तर आकड्याने सिद्ध होईल, म्हणाला. दिवाळीला तो आकडा घेऊन आलाही. मी त्याला दारातूनच परतवला. "तुझा आकडा तुझ्यापाशी ठेव." आणि त्याने तो ठेवला.

मला आजही वाटतं, चूक त्याची होती. हेच संध्याकाळी एकट्याला सांगितलं असतं तर शास्त्र बुडालं नसतं. पुढे बोलणं सुरू झालं, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत पंक्तीला बसलो, तो नगरला प्राध्यापक झाला, मी गोदामं बांधली. तो विषय कुणी काढला नाही. पण दर उन्हाळ्यात पहिलं पोतं उघडलं की वाटायचं, किती निघालं असेल?

गेल्या हिवाळ्यात तो आजारी आहे कळलं, म्हणून गेलो आणि न राहवून विचारलंच. तो म्हणाला, "आठवणीतला आकडा मी सांगत नाही. ताजा माल आण, पुन्हा काढू."

"अरे, आता काय सौदा करायचाय का मला? सांगून टाक की."

"तू सौद्याशिवाय काही विचारतोस होय?"

मी चहा न घेता उठलो. पायऱ्या उतरत होतो तेव्हा आतून त्याचा आवाज आला, "सावलीत वाळवलेला आण…"

परवा पुडी घेऊन गेलो. त्याच्या खोलीत टेबलावर लोखंडी स्टँड होता आणि त्याला द्रव्य किती ते काढायला थेंब मोजून सोडायची लांब काचेची नळी उलटी लावलेली, पाणी निथळायला. लख्ख होती. वहिनी म्हणाल्या, "अंथरुणातून उठून स्वतःच धुतली, मला धुऊ दिली नाही. म्हणाले, नामा चिडून गेलाय, म्हणजे माल आणणारच."

मी पुडीतला एक हिरडा तोंडात टाकला. जीभ आखडली. पुडी नळीखाली ठेवली.

"आता हे कोण करणार, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"असू द्या तिथंच," मी म्हणालो. "सावलीतच वाळवलाय."