वांगं कडू नव्हतं

आमच्या घरात एकदा भरीत कडू झालं. ते कशानं झालं हे मला ठाऊक होतं आणि तरी मी वर्षभर गप्प बसलो. ज्यांनी ज्यांनी ते खाल्लं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तुरी घरात आल्या की आमचे भाऊबंद वाशीमजवळच्या मालेगावला आमच्या मागच्या अंगणात जमतात. गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. येतात रोडगे खायला म्हणून, पण ताट पुढं करतात ते भरितासाठी. भरीत माझ्या बायकोचं. वांगी तीच निवडणार. एकेक हातात तोलायचं, टिचकी मारायची, हलकं लागलं तरच पिशवीत टाकायचं. जड वांग्यात बिया फार, असं तिचं शास्त्र.

मागच्या वर्षी तिच्या छातीनं कुरकूर सुरू केली. डॉक्टरांनी धुराजवळ बसायला साफ मनाई केली. ही बातमी माझ्या मोठ्या वहिनीकडे पोचायला वेळ लागला नाही.

"मंग यंदा भरीत मी करतो," वहिनी म्हणाली. "तू आराम कर माय. लय वर्सं झाले तुह्यावाले."

त्या दिवशी बायकोच्या हातून वरणात मीठ दोनदा पडलं.

आमच्या पुण्यातल्या मुलानं फोनवर उपाय सांगितला, विजेचा स्मोकर. लहान फ्रिजसारखी लोखंडी पेटी. खाली विजेची कॉइल, तिच्यावर ताटलीत लाकडाचे तुकडे. ते आतल्या आत धुमसतात, दार बंद, धूर पेटीत आणि माणूस बाहेर. मी चारचौघांत ते नाव काढलं आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी शेजारचा दुकानदार विचारत होता, "मामा, या वयात स्मोकर झाले म्हणते तुमी? काकूले मालूम हाय का?"

मी वाशीमला निघालो. पिशवीत घरचं एक चांगलं लांब वांगं घेतलं होतं, कारण पेटीत देठासकट वांगं मावतं का, हे कुठल्याही कागदावर छापलेलं नसतं. दुकानात मी एकेका यंत्राचं दार उघडून जाळीवर वांगं आडवं ठेवून पाहू लागलो.

"काका, भाजीबाजार तिकडं हाय," दुकानातला माणूस म्हणाला.

"मले मालूम हाय. हे वांगं इकायले नाई आणलं."

"याच्यात लोक कोंबडी भाजते, मच्छी भाजते."

"आमची घरची माळकरी हाय. वांग्यानं तुह्या मशीनले बाट लागते काय?"

तो हसला आणि मग मनावर घेऊन दाखवू लागला. विजेचा तंदूर स्वस्त होता, पण त्यात धूरच नाही. वांगं भाजेल, भरीत होणार नाही. काचेच्या दाराचा मोठा स्मोकर फोनवरून चालायचा. मला फोनच नीट चालवता येत नाही, तर फोननं चालणारी पेटी काय चालवणार? एक मधला होता. दिसायला ओबडधोबड, पण आच कमीजास्त करायला साधं बटण, वायर जाड, आणि लाकडाची ताटली बाहेरून ओढता येणारी. म्हणजे पुन्हा लाकूड घालायला दार उघडायचं काम नाही. तिच्या छातीचा विचार करून मी तोच घेतला. खिशाला जरा जड गेला, म्हणून लाकडाच्या तुकड्यांची जादा पाकिटं मात्र घेतली नाहीत. लाकूड, आणि तेही पाकिटात! जन्मभर तुराट्या जाळलेल्या माणसानं ते विकत घ्यायचं?

यंत्र निवडण्यात मी चुकलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. सोबत आलेलं पाकीट घरी करून पाहण्यातच संपलं. त्या भरिताला बायकोनं मान डोलावली होती. तुराट्यांचे बारीक तुकडे करत बसायचा कंटाळा, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी गल्लीतल्या सुताराकडं गेलो. रंध्याखाली सालपटांचा ढीग पडला होता.

"कायले पायजे?" त्यानं विचारलं.

पाकिटाचे पैसे वाचवायला आलो, हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, "कोंबड्यांखाली टाकायले." आमच्याकडं कोंबडीचं पीसही नाही. तरी त्यानं पोतं भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी तीच सालपटं ताटलीत घालून वांगी भाजली आणि पंगत बसली. पहिला घास घेऊन माझ्या भावानं पाण्याचा गडू उचलला. पुतण्यानं डोळे मिटले. वहिनीनं जिभेवर घास फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वांगं कडू निंघालं वं माय. आता नजर नाई राह्यली तुही."

माझ्या तोंडातही तोच घास होता. सुताराकडं कडुनिंबाचं दार चालू होतं, हे त्या क्षणी मला आठवलं. निंबाचं लाकूड आमच्याकडं चुलीतसुद्धा कोणी घालत नाही. मी घास गिळला आणि म्हणालो, "होते कधीकधी."

हेच ते दोन शब्द, ज्यांच्यासाठी हा सगळा कागद.

त्यानंतर ती वांगी निवडेना. बाजारात भाजीवालीला म्हणायची, "तूच घाल बाई. माह्यावालं काई खरं नाई." भाजीवाली जडच्या जड वांगी तोलून द्यायची आणि ही मुकाट्यानं पिशवी पुढं करायची. यंदा तुरी निघाल्या, तेव्हा तिनं आपण होऊन वहिनीला फोन लावायला घेतला. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि निंब, सुतार, नसलेल्या कोंबड्या, सगळं सांगून टाकलं.

ती पदर खोचून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे माह्यं वांगं गोड होतं?"

"गोड होतं."

"अन् तुमी वर्सभर मले जड वांगे खाऊ घातले?" तिला हसू आलं, मग खोकला आला, मग पुन्हा हसू. "ज्यायच्यासमोर मी कडू झाली, त्यायच्यासमोर बोला आता."

पंगतीत मी उभा राहून बोललो. वहिनीनं पदर तोंडाला लावला. "काहो भाऊजी, कोंबड्या बऱ्या हाय ना?" मागच्या वर्षी ते कडू भरीत खाऊन यंदा जे आले नव्हते, त्यांच्यासाठी हे लिखाण.

त्या सकाळी तिनं बाजारातली अख्खी टोपली उपसून वांगी निवडली होती. ताटलीत तुराट्यांचे तुकडे घालायची वेळ आली, तेव्हा तिनं मला हात धरून थांबवलं आणि एक तुकडा माझ्यापुढं केला.

"आधी तुमी चावा."

सगळे भाऊबंद बघत होते. मी चावला. तुराटी कडू नव्हती. मग तिनं ताटली आत सरकवली.